घरच्या सीएनसीचा स्पिंडल: वॅट नंतर, आरपीएम आधी

घरी सीएनसी मशीन (संगणकाच्या आज्ञेवर कटर चालवणारं मशीन) बांधायला घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न त्याच्या स्पिंडलबद्दल, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरबद्दल, ठरलेला असतो: "किती किलोवॅटचा स्पिंडल घेऊ?" नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतला अनुभवी टर्नर असो की गच्चीवरच्या खोलीत गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारा आडवा पूल) उभी करणारा इंजिनिअरिंगचा पोरगा, बोलणं किलोवॅटवरच सुरू होतं आणि बहुतेक वेळा २.२ किलोवॅटवर येऊन थांबतं. मोठा घेतला की चिंता मिटली, असा हिशेब. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे. घरगुती मशीनला वॅट क्वचितच कमी पडतात. कमी पडतो तो सांगाड्याचा ताठपणा, चुकतो तो आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या), आणि उरलेलं काम बिघडवते स्पिंडल बसवण्याची पद्धत.

आधी आकडे बघू. मिलिंगला किती ताकद लागते, ते एका सेकंदाला किती माल कापला जातो त्यावर ठरतं. अॅल्युमिनियमचा एक घन मिलिमीटर कापायला ढोबळमानाने ०.८ ज्यूल ऊर्जा लागते. समजा ६ मिमीचा कटर ३ मिमी रुंदी आणि १ मिमी खोली घेऊन मिनिटाला १००० मिमी वेगाने चाललाय. म्हणजे मिनिटाला ३००० घन मिमी, सेकंदाला ५०. गुणाकार केला की येतात ४० वॅट. कटर बोथट आहे, बेअरिंगमध्ये थोडी ताकद खर्च होते, हे सगळं धरून दुप्पट-तिप्पट करा, तरी आकडा शंभर-सव्वाशेच्या घरात राहतो. घरच्या मशीनवर हाच कट दुप्पट खोल घ्यायला गेलात, तर स्पिंडल थांबण्याच्या कितीतरी आधी गॅन्ट्री थरथरायला लागेल आणि कटर किंचाळेल. मग उरलेले दोन हजार वॅट काय करणार? ते फक्त वजन म्हणून झेड, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या, अक्षावर लटकून राहतात.

आणि ते वजन थोडं नाही. ८० मिमी व्यासाचा वॉटर-कूल्ड २.२ किलोवॅट स्पिंडल पाच किलोच्या पुढे जातो, ६५ मिमीचा ८०० वॅटचा तीनेक किलोत बसतो. त्यात ब्रॅकेट आणि प्लेट धरा. झेडला बॉलस्क्रू (गोळ्यांवर हलका फिरणारा स्क्रू) असेल तर वीज गेल्याबरोबर मोटर सैल पडते आणि हा सगळा गोळा हळूहळू खाली सरकतो, खाली जो जॉब असेल त्यावर टेकतो. लोडशेडिंगच्या गावात मशीन बंद करताना कटर काढून स्पिंडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायची सवय वाईट नाही.

आता आरपीएम. कटरच्या धारेला मालावरून किती वेगाने जायचंय, ते मालावर ठरतं. सूत्र साधं आहे: व्यास (मिमी) गुणिले ३.१४ गुणिले आरपीएम, भागिले १०००. उत्तर मीटर प्रति मिनिट. कार्बाइडच्या कटरने अॅल्युमिनियमला तीनशेच्या आसपास मीटर चालतात. ६ मिमीचा कटर १८,००० ला फिरवला की ३३९ मीटर येतात, म्हणजे काम जमलं. तोच कटर माइल्ड स्टीलवर न्या. तिथे कार्बाइडला ९० मीटरच्या आसपास वेग लागतो, म्हणजे आरपीएम उतरले ४,८०० वर. लाकूड, एमडीएफ आणि अॅक्रिलिक वरच्या वेगात खूश असतात, पण अॅक्रिलिकला फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) कमी पडला की ते कापलं जाण्याऐवजी वितळतं आणि कटरला गोळा होऊन चिकटतं.

इथेच २४,००० आरपीएमच्या चिनी स्पिंडलची खरी मर्यादा दिसते. ही मोटर दोन पोलची असते. ४०० हर्ट्झ दिले की २४,००० आरपीएम, ८० हर्ट्झ दिले की ४,८००. वेग उतरवला तरी टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढत नाही, फार तर तेवढाच राहतो. त्यामुळे ताकद वेगाच्या प्रमाणात घसरते. ४,८०० ला तुमचा २.२ किलोवॅटचा स्पिंडल कागदावर ४४० वॅटचा उरतो, आणि पूर्ण ताकदीलाही त्याचा टॉर्क असतो ०.८८ न्यूटन-मीटर. याउलट ७५० वॅटची, ३,००० आरपीएमची साधी सर्वो मोटर २.४ न्यूटन-मीटर देते. बेल्टने एकास दोन करून वेग ६,००० वर नेला तरी कटरपाशी १.२ उरतात. स्टील कापायचं असेल तर बेल्टवर चालणारं, वेगळ्या बेअरिंग कार्ट्रिजचं हेड बरं पडतं ते यामुळे. पण खरं सांगायचं तर, ज्याची गॅन्ट्री अॅल्युमिनियम एक्स्ट्रूजनची आहे त्याने स्टीलचं स्वप्न बाजूला ठेवावं. स्टीलसाठी स्पिंडलच्या आधी मशीन बदलावं लागतं.

फीडचा हिशेबही आरपीएमशी बांधलेला आहे. कटरच्या प्रत्येक दाताने एका फेरीत किती माल उचलायचा, ती झाली चिप लोड. १८,००० आरपीएम, एक दात, ०.०५ मिमी चिप, म्हणजे ९०० मिमी प्रति मिनिट. स्टेपर मोटरवाल्या घरच्या मशीनला हे सहज झेपतं. पण तीन दातांचा कटर २४,००० ला लावून "जपून" ६०० च्या फीडने चालवलात, तर प्रत्येक दाताच्या वाट्याला येतात ०.००८ मिमी. एवढ्यात धार कापत नाही, नुसती घासते. उष्णता चिपबरोबर बाहेर जाण्याऐवजी कटरमध्ये राहते आणि अॅल्युमिनियम दातांना चिकटून बसतं. नवशिक्यांचे अॅल्युमिनियमवरचे कटर बहुतेक असेच जातात, जास्त जोर दिल्याने नाही, जास्त जपल्याने. म्हणून घरच्या मशीनवर अॅल्युमिनियमला एका दाताचा कटर घ्यावा.

मग घ्यायचं काय? सुतार सनमाइकाच्या कडा मारायला वापरतात तो ट्रिमर स्वस्त, हलका, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा. नेमप्लेट, एमडीएफची जाळी, सागवानावर कोरीवकाम, एवढंच करायचं असेल तर सुरुवातीला तो पुरतो. त्याचे कार्बन ब्रश झिजतात, आवाज प्रचंड असतो, आणि बऱ्याच ट्रिमरना वेग बदलायची सोयच नसते. ३०,००० ला तो एकसुरात ओरडत राहतो. दुपारी झोपणाऱ्या कॉलनीत हे फार दिवस चालत नाही. वेग बदलता येणारा असेल तरच घ्यावा. मशीनच्या किटबरोबर येणारे ३०० ते ५०० वॅटचे डीसी स्पिंडल पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) आणि खोदकामापुरते ठीक. लाकूड आणि अॅल्युमिनियम दोन्ही करणाऱ्या घरच्या मशीनला मी ६५ मिमीचा ८०० वॅट किंवा ८० मिमीचा १.५ किलोवॅटचा, व्हीएफडीवरचा (फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरचा) स्पिंडल सुचवतो. २.२ चा एकच मुद्दा मला पटतो, तो म्हणजे कोलेट (कटरची दांडी पकडणारी चिरलेली बाही). त्याला ईआर-२० मापाचा येतो, ज्यात १३ मिमीपर्यंतची दांडी बसते. ईआर-११ मध्ये ७ वर गाडी थांबते, ईआर-१६ मध्ये १० वर. ८ किंवा १२ मिमी दांडीचे लाकडाचे बिट तुमच्याकडे आधीच पडून असतील, तर हा फरक मोठा आहे.

कोलेटचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. कोलेट आधी नटमध्ये तिरपा धरून दाबायचा, टक् असा आवाज येऊन तो आतल्या कडेत अडकला पाहिजे, मग नट स्पिंडलवर, मग कटर. कोलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरवला की तो वाकडा बसतो, कटर डुलतो, आणि सोडवताना कोलेट आतच रुतून राहतो. एका मापाच्या कोलेटात दुसऱ्या मापाची दांडी कोंबू नका. ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, डोळ्यांना सारखेच दिसतात. बाजारात दोन्ही एकाच डब्यात असतात, तेव्हा कॅलिपर खिशात घेऊन जावं.

नागपुरात एअर-कूल्ड की वॉटर-कूल्ड, हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. एअर-कूल्ड स्पिंडलचा पंखा बहुधा त्याच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे वेग कमी केला की हवाही कमी. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या भाजणाऱ्या, दिवसांत टिनाच्या शेडमध्ये हवाच ४५ अंशांवर असते. तीच हवा अंगावर मारून स्पिंडल किती थंड होणार? वर एमडीएफचा भुसा उडवत राहणार तो वेगळाच. त्यामुळे इथे मी वॉटर-कूल्डच्या बाजूने आहे, आणि सुदैवाने त्याचं सामान मार्चपासून प्रत्येक कूलरच्या दुकानात टांगलेलं असतं. डेझर्ट कूलरचा छोटा बुडता पंप या कामाला पुरतो.

दोन गोष्टी सांभाळा. बोअरवेलचं पाणी अजिबात घालू नका. कूलरच्या ताट्यांवर मे महिन्यात जो पांढरा थर साचतो, तोच स्पिंडलच्या अरुंद वाटांमध्ये साचतो आणि तिथे ताटी बदलायची सोय नाही. डिस्टिल्ड पाणी आणि त्यात गाडीच्या रेडिएटरचं कूलंट, एवढं पुरे. दुसरं, बंद बादलीतलं पाणी तासाभरात शेडच्या तापमानाला येतं आणि मग वर चढत राहतं. यावर नागपुरी उपाय असा: स्पिंडलचं पाणी तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून फिरवायचं आणि ते वेटोळं चालू कूलरच्या टाकीत बुडवून ठेवायचं. कोरड्या उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं पाणी बाष्पीभवनाने हवेपेक्षा बरंच थंड असतं, आणि दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती चालत नाही, पण तेव्हा उकाडाही उतरलेला असतो. परतीची नळी मात्र बादलीतल्या पाण्याच्या वर, धार दिसेल अशी ठेवा. पंप बंद पडला की नजरेला लगेच कळतं. नाहीतर फ्लो स्विच लावा.

उकाड्याचा फटका व्हीएफडीलाही बसतो. बहुतेक व्हीएफडीची पूर्ण क्षमता ४० अंशांपर्यंतच धरलेली असते, पुढे ती कमी होत जाते. म्हणून एक नंबर मोठा घ्या आणि बंद डब्यात कोंडू नका. घरच्या सिंगल फेजवर २.२ किलोवॅटचा व्हीएफडी भर लोडवर पंधरा अँपियरच्या आसपास ओढू शकतो. त्याला बोर्डातून वेगळी लाइन हवी, दिवाणखान्याच्या प्लगमधून ओढलेली एक्स्टेंशन नको.

आता सर्वांत जपायची जागा. नव्या व्हीएफडीमध्ये कारखान्यातून बेस फ्रीक्वेन्सी बहुतेक ५० हर्ट्झ भरलेली असते, कारण तो साध्या मोटरसाठी बनलेला असतो. तसाच स्पिंडलला जोडून चालू केला, तर तो ५० हर्ट्झलाच पूर्ण २२० व्होल्ट देतो. तुमच्या स्पिंडलला ते व्होल्ट ४०० हर्ट्झला हवेत. कमी फ्रीक्वेन्सीला एवढे व्होल्ट मिळाले की करंट बेसुमार वाढतो आणि वाइंडिंग जळतं, कधीकधी पहिल्या मिनिटातच. म्हणून आधी सेटिंग, मग वायर: बेस फ्रीक्वेन्सी ४००, कमाल फ्रीक्वेन्सी ४००, व्होल्टेज २२०, पोल २, करंट स्पिंडलच्या पट्टीवर लिहिलेला, आणि किमान फ्रीक्वेन्सी शंभरच्या वर. नंतर मल्टिमीटर लावून स्पिंडलच्या अंगापासून अर्थिंगपर्यंत सलगता तपासा. स्वस्त स्पिंडलमध्ये प्लगची चौथी पिन अनेकदा आत कुठेच जोडलेली नसते. वायर जाळीदार शिल्डची वापरा, नाहीतर लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारे) कारण नसताना लागतात आणि माणूस आठवडाभर सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो. वरून बघताना स्पिंडल घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरला पाहिजे. उलटा फिरला तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा.

स्पिंडल पकडणारा क्लॅम्प बनवायला टाकला की चांगला टर्नर विचारतो, "भाऊ, ऐंशीचं भोक पायजे, का ऐंशीचा स्पिंडल बसन असं भोक पायजे?" प्रश्न अगदी बरोबर आहे. स्पिंडलचं अंग मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी मोजून न्या. ते नेमकं ८० भरेलच असं नाही. भोक त्यापेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटर मोठं, हाताने सरकेल पण खुळखुळणार नाही असं. आधी भोक बोअर करायचं, मग चिर पाडायची. सैल भोक बोल्टाने आवळून भागवलं, तर क्लॅम्प दोन-तीन रेषांवरच पकडतो आणि स्पिंडलचं पातळ अंग अंडाकृती होतं. आत लगेच बेअरिंग आहे. बोल्ट हळूहळू, आळीपाळीने आवळा आणि प्रत्येक वेळी शाफ्ट बोटांनी फिरवून बघा. आधीपेक्षा जड लागायला लागला की थांबा. चालताना नाकाकडची (कोलेटकडची) बाजू वरच्या भागापेक्षा फार तापत असेल तर पहिला संशय आवळण्यावर घ्या.

एकाऐवजी दोन क्लॅम्प चांगले, आणि खालचा क्लॅम्प नाकाच्या जेवढा जवळ नेता येईल तेवढा न्या. लटकत्या दांड्याचा वाक लांबीच्या घनाने वाढतो. लांबी दुप्पट, वाक आठपट. कटरलाही हाच नियम लागतो. लांब कटर घेऊन मोठा स्पिंडल लावणाऱ्याने हे आधी करून बघावं: कटर कोलेटमध्ये जास्तीत जास्त आत घालायचा आणि तोच कट पुन्हा घ्यायचा. खालचा क्लॅम्प खाली असण्याचा आणखी एक फायदा असा की स्पिंडल तापून लांबला तर तो वरच्या बाजूला लांबतो, नाकाकडे कमी. तरीही सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं तो पायऱ्यापायऱ्यांनी गरम करा, मग झेडचा शून्य घ्या. २०० मिमी स्टील वीस अंश तापलं की जवळजवळ ०.०५ मिमी वाढतं.

आता सरळपणा. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, झेड अक्ष बेडला काटकोनात आहे का? दोन, स्पिंडल झेड अक्षाला समांतर आहे का? झेड तिरका असताना स्पिंडलखाली शिम (पातळ पत्रा) घालून पृष्ठभाग छान आणता येतो, पण खोल भोक पाडताना कटर तिरका उतरत जातो. म्हणून आधी गुण्याला डायल (शतांश मिलिमीटर दाखवणारं मापयंत्र) लावून झेड वर-खाली नेऊन अक्ष सरळ करा. मग कोलेटमध्ये ग्राइंड केलेला सरळ दांडा पकडून तसंच बघा. दांडा थोडा डुलत असेल, तेव्हा एक वाचन घेऊन तो अर्ध्या फेरीने फिरवा, दुसरं वाचन घ्या आणि सरासरी धरा.

शेवटी ट्रॅमिंग, म्हणजे स्पिंडल बेडला नेमका काटकोनात आणणं. स्पिंडलमध्ये आडवा हात पकडून त्याच्या टोकाला डायल लावा, मध्यापासून १०० मिमीवर, आणि स्पिंडल हाताने फिरवत बेडवर चार ठिकाणी वाचन घ्या. वीज बंद, व्हीएफडीचा प्लग काढलेला. डावं-उजवं जुळवायला प्लेटचे बोल्ट सैल करून ब्रॅकेट किंचित फिरवा. पुढे-मागे जुळवायला शिम लागते. पुढच्या बाजूला डायल जास्त दबत असेल, तर स्पिंडलचं नाक मागे झुकलेलं आहे. मग शिम ब्रॅकेटच्या खालच्या बोल्टांपाशी. किती जाड? समजा २०० मिमीत ०.१ मिमीचा फरक आहे आणि ब्रॅकेटचे वरचे-खालचे बोल्ट ८० मिमीवर आहेत. ०.१ भागिले २००, गुणिले ८०, म्हणजे ०.०४ मिमी. फिलर गेजचं एक पान त्याला पुरतं. किंवा स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल मायक्रोमीटरने मोजून हव्या तेवढ्या घड्या घाला. बोल्ट आवळल्यावर वाचन बदलतं, ते बदलणारच, पुन्हा मोजा.

हे कुठपर्यंत ताणायचं? २० मिमीच्या कटरने बेड सपाट करताना २०० मिमीतला ०.१ चा फरक दोन फेऱ्यांमध्ये ०.०१ मिमीची पायरी सोडतो. नख फिरवलं तर ती जेमतेम जाणवते. लाकडाचं काम करणाऱ्याने इथे थांबायला हरकत नाही. अॅल्युमिनियमच्या प्लेटी एकमेकींवर बसवायच्या असतील तर अजून अर्ध्यावर आणा. पीसीबीवाल्याचं दुखणं वेगळं. त्याला कटरचा डुल जास्त छळतो: चिप ०.०१ मिमीची आणि डुल ०.०२ चा असला की दोन दातांतला एकच दात सगळं काम करतो आणि तोच तुटतो. डायल कोलेटच्या आतल्या उतारावर लावून बघा, मग दांड्यावर. उतार सरळ आणि दांडा वाकडा निघाला, तर स्पिंडल परत पाठवायची घाई नको. दुसरा चांगला कोलेट लावून बघा, त्या उताराला ब्रशने पुसून घ्या.

सगळं जमलं की एमडीएफच्या तुकड्यावर एक थर काढा, आधी एक्सच्या दिशेने, मग दुसऱ्या तुकड्यावर वायच्या. एक्सने जाताना पट्ट्यांमध्ये पायऱ्या दिसल्या तर झुकाव पुढे-मागे आहे, वायने जाताना दिसल्या तर डावीकडे-उजवीकडे. आणि कटरच्या गोल खुणा बघा. एकाच बाजूच्या कमानी उमटल्या असतील तर कटरची फक्त पुढची किंवा फक्त मागची धार कापते आहे. दोन्ही बाजूंच्या कमानी एकमेकींना छेदून बारीक जाळी दिसायला लागली की पान्हा खाली ठेवा आणि बोल्टांवर मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात कोणता सैल झाला ते लगेच कळेल.